तपकिरीची डबी आणि राजाचे भुंगे

एका राज्यात एक राजा होता, राजाला एक नाक होतं, आणि त्या नाकापायी राज्य जायची वेळ आली होती. हसू नका. नाक तोंडापेक्षा शहाणं असतं, ते शेवटी कळेल.

राजाचं नाव मकरंदसेन. त्याचा शिंगवाला भैरोजी. भैरोजीनं गाल फुगवून शिंग फुंकलं, की वेशीबाहेरच्या म्हशी दूध चोरत. राज्याची रीत अशी, की खजिन्यातली वस्तू राजाच्या हाती द्यायच्या आधी शिंगवाल्यानं तिच्यावरची धूळ फुंकायची. एके दिवशी राजगुरू धूम्रनाथानं जुन्या पेटीतून माणकांची डबी काढली, झाकण उघडलं आणि म्हणाला, "फुंका, भैरोजी."

भैरोजीची हौस दांडगी! असा फुंकला, की डबीतली तपकीर थेट राजाच्या नाकात.

राजा शिंकला. नाकातून एक भुंगा निघाला नि खिडकीतून उडून गेला. भुंग्याबरोबर राणीच्या वाढदिवसाची आठवण गेली. दुसऱ्या शिंकेला दुसरा भुंगा, त्याबरोबर अख्खं बालपण. डबी शापित होती आणि धूम्रनाथाला ते ठाऊक होतं. डबी उघडी तोवर शिंका चालू. म्हणून त्यानं झाकण गुपचूप तळ्यात भिरकावलं.

महिन्याभरात राजा प्रधानाला विचारू लागला, "काय हो आचारी, आज भाजी आळणी का?" प्रधान रुसला, आचारी म्हटल्याचा राग नाही, भाजी आळणी म्हटल्याचा.

खरी आफत पुढेच होती. दसऱ्याच्या दरबारात, माध्यान्हीचं शिंग वाजायच्या आत, राजानं वारसाचं नाव स्वमुखानं घ्यावं, असा नेम. न घेतलं तर गादी राजगुरूची. एकुलती एक लेक, पण तिचं नाव सांगावं तर राजा शिंके, नाव पुन्हा गडप! ते नाव मीही आत्ता सांगत नाही. राजाला ठाऊक नाही, ते तुम्हाला आधी कशाला?

भैरोजी राजाचा बालमित्र. राजानं त्यालाच विचारलं, "आपण कोण?" तसा तो तळ्याकाठी जाऊन ढसाढसा रडला. काठावरचा पाणकावळा म्हणाला, "रडू नकोस. तळं भरलेलंच आहे."

"पक्षीराज, माझ्या फुंकेनं राजा गेला."

"फुंकून घालवलंस, श्वास ओढून आण. तोंड मिटता येतं?"

"चाळीस वर्षांत मिटलं नाही."

"मग तीन कामं कर."

पहिलं काम दिव्याचं. नाकासमोर दिवा धरायचा, एका नाकपुडीनं श्वास घ्यायचा, दुसरीनं सोडायचा, ज्योत हलता कामा नये. सहा दिवसांत भैरोजीनं सहा दिवे विझवले नि अर्धी मिशी जाळली. सातव्या दिवशी ज्योत चित्रातल्यासारखी उभी राहिली. त्याच क्षणी त्याला आठवलं, की तीन वर्षांपूर्वी हरवलेली आपली पगडी मेव्हण्याच्या डोक्यावर आहे!

दुसरं काम, श्वास कोंडून तळ गाठायचा. तळाशी झाकणावर मगर बसलेली. "नाव सांग, झाकण ने." तोंड उघडलं असतं तर पाणी शिरलं असतं. भैरोजी मिटल्या ओठांनी नुसता हसला. मगर ओशाळून बाजूला झाली.

"तिसरं काम भुंगे बोलवायचं," पाणकावळा म्हणाला. "ओठ मिटून कंठात घुमायचं. पण राजाचे भुंगे राजाच्याच घुमण्याला येतील."

दुसऱ्याच दिवशी दसरा उजाडला. धूम्रनाथ सिंहासनाची गादी मऊ आहे का, ते दाबून पाहून गेला. राजकन्या पुढे आली. "आबासाहेब, माझं नाव?"

"बाळ, तू... भाजीवाली का?"

भैरोजीनं कमरेचं झाकण काढून सिंहासनाजवळच्या उघड्या डबीला खटकन लावलं. राजाच्या नाकाशी आलेली शिंक थांबली. पण आठवण कुठून येणार?

"शिंगवाल्या, वेळ झाली," धूम्रनाथ गरजला. "फुंक!"

"माफी असावी. पुष्कळ फुंकलं." भैरोजीनं शिंग खाली ठेवलं, राजाच्या पायाशी बसला, कानांत बोटं घातली नि घुमू लागला. "म्म्म्म्..." दरबार खो-खो हसला. राजा मात्र टक लावून पाहू लागला. हळूच त्यानंही कानांत बोटं घातली. "म्म्म्म्..."

खिडकीत काळा ढग आला. भुंगे! एकेक करून राजाच्या नाकात शिरले. राजा ओरडला, "भैऱ्या! माझी करवंदं तूच खाल्लीस!"

"खाल्ली, महाराज," म्हणून भैरोजी हसता हसता रडला.

शेवटचा भुंगा मुगाएवढा. तो आत गेला, तशी राजानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "मृणालवती. माझी मृणू."

तेव्हा कुठं भैरोजीनं शिंग उचलून फुंकलं आणि माध्यान्ह झाली.

धूम्रनाथानं चिडून डबी ओढली, तर झाकण उडून तपकीर त्याच्याच नाकात! त्याचे सारे मंत्र चिलटं होऊन उडाले नि डबी रिकामी झाली. आता तो वेशीबाहेर म्हशी राखतो आणि रोज त्यांना त्यांची नावं विचारतो.

तेव्हापासून त्या राज्यात खजिन्याची धूळ फडक्यानं पुसतात. राजाचं हरवलेलं राजाला गवसलं, तुमचं तुम्हाला गवसो. आता तोंड मिटा, नाकानं श्वास घ्या, आणि आठवून बघा, तुमची पगडी कुणाच्या डोक्यावर आहे ते.