साळूची घटका

फार वर्षांमागे आपल्या निवळगावात नदीकाठी एक पाठशाळा होती, आणि त्या पाठशाळेत साळू नावाची बटीक होती. बटीक म्हणजे विकत घेतलेली बाई. पोटची पोरसुद्धा मालकाची.

साळूचं काम घटका बघायचं. पाण्याच्या घंगाळात तांब्याची वाटी तरंगायची, तिच्या बुडाला बारीक भोक. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली, मग साळू थाळ्यावर टोला द्यायची. त्या टोल्याशिवाय पाठ सुरू होत नसे आणि संपतही नसे. बघून बघून वाटी तिचं ऐकायला लागली, असं म्हणतात.

साळूचे मालक म्हणजे पाठशाळेचे शास्त्रीबुवा. त्यांनी मुलीचं लग्न काढलं. नवरीबरोबर आंदण म्हणून साळूची नऊ वर्षांची गोदी द्यायची ठरली. सासर पार घाटापलीकडे. साळू वाटी घासत राहिली.

मुहूर्त गोरजाचा. अंतरपाट धरला, लोकांनी मुठीत अक्षता घेतल्या.

"साळे, भरली का घटका?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"नाही जी."

मंगलाष्टकं संपली, पुन्हा सुरू झाली. वाटी तरंगतेच आहे! सूर्य डोंगराला टेकून राहिला, गाई वेशीत थांबल्या, असं म्हणतात. भोकाला मेण लावलं होतं, असंही म्हणतात. असेल बाई. पण सूर्याला कुणी लावलं?

वरबाप म्हणाला, "शास्त्रीबुवा, तुमची वाटी जेवायला बसली की काय?"

"बुडव गं ती!" शास्त्रीबुवा ओरडले.

"हातानं बुडवलेली घटका चालत नाही जी. तुमच्याच पाठात ऐकलंय."

विद्यार्थ्यांनी माना खाली घातल्या.

"मग हवंय काय तुला?"

"गोदीवर पाणी सोडा."

"सोडणारच आहे की, आंदण देताना."

"तसं नाही. कुणाच्या हातावर नाही. नुसतं सोडा."

शास्त्रीबुवांनी अंतरपाटाआडच्या लेकीकडे पाहिलं. पळी भरली, पाणी भुईवर सोडलं. "गोदीवर माझा हक्क नाही."

वाटी बुडाली. साळूनं टोला दिला, तो शेवटचा. अक्षता पडत होत्या तेवढ्यात गोदीचा हात धरून ती नदी उतरून गेली. पुढे पाठशाळेत ती वाटी कधी तरंगलीच नाही, असं म्हणतात.

आजही निवळगावात मुहूर्ताला भटजी विचारतात, "साळू, भरली का घटका?" उत्तर नवरीच्या आईनं द्यायचं. परवा हॉलमधल्या लग्नात भिंतीवर एवढं मोठं घड्याळ होतं, फोटोवाला घाई करत होता. तरी सगळे मूठ मिटून उभे. आईनं आधी लेकीच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं.

मग म्हणाली, "भरली."