तळ्याभोवतीचा फेरा

पूर्वी कांचनवती नगरात राजा उग्रवीर्य राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य श्रुतसेन होऊन जन्मला होता. सर्व शास्त्रे त्याने पढली होती, आणि जितके पढला तितका त्याचा स्वतःवरचा विश्वास कमी होत गेला. दिलेला निर्णय तो घरी जाऊन पुन्हा तपासायचा, आणि मग पुन्हा. आता तो म्हातारा झाला होता. अरण्यातल्या आश्रमात जाऊन स्वस्थ बसावे, कोणी काही विचारू नये, एवढीच इच्छा उरली होती.

नगराबाहेर मोठे तळे होते. उन्हाळ्यात मोरी उघडून पाणी खाली सोडण्याआधी अमात्याने काठाने फेरा मारावा, घरटे दिसलेच तर पिले पोहू लागेपर्यंत थांबावे, अशी तिथली चाल होती. त्या वर्षी राजाला पाहुणे येण्याआधी क्रीडावनातली कुंडे भरून हवी होती. तो म्हणाला, "तात, तळे मोकळे आहे एवढे येऊन सांगा आणि उद्याच आश्रमाला निघा. नाहीतर फेरे तुमच्याच गळ्यात आहेत."

सकाळी श्रुतसेन उद्यानपाल मल्लिकाला घेऊन निघाला. ऊन अजून कोवळे होते, तरी त्याचे गुडघे दुखू लागले. खंड्या वाळक्या फांदीवरून सुळकन पाण्यात उतरला आणि मासा घेऊन परतला. बगळे उथळ पाण्यात उभे होते. एक कासव ओंडक्यावर मान ताणून ऊन खात होते. टिटव्यांची पिले केव्हाच मोठी होऊन काठावर धावत होती. घरटे कुठेच नव्हते.

"आटोपले, आर्य," मल्लिक म्हणाला. "मोरीवर माणसे उभी आहेत. हात हलवू का?"

श्रुतसेनाच्या ओठांवर 'हलव' आलेच होते. तेवढ्यात लव्हाळ्याच्या कडेला एक टिबुकली, बदकासारखा लहानसा पाणपक्षी, दिसली. त्यांना पाहून तिने बुडी मारली ती वर आलीच नाही. जिथे ती होती तिथे कुजक्या शेवाळाचा एक ढीग तरंगत होता.

"ते काय आहे रे?"

"शेवाळ. दुसरे काय असणार?"

"माझ्या डोळ्यांनाही शेवाळच दिसते," श्रुतसेन म्हणाला आणि काठावरच्या दगडावर बसला.

"आर्य, इतके टक लावून बघाल तर शेवाळही लाजेल. उद्या आश्रमात जायचे आहे ना?"

"त्याचीच तर भीती वाटते. मला जायचे आहे, म्हणून मला काही दिसत नसेल."

मल्लिक पुटपुटत झाडाखाली जाऊन आडवा झाला. ऊन चढले. श्रुतसेनाला डुलकी येई, तो दचकून जागा होई, आणि मनात म्हणे, एका ढिगासाठी राजाला ताटकळत ठेवणारा मी मूर्ख तर नाही? पण उठून हात हलवणे जमत नव्हते.

दुपार कलताना लव्हाळ्यातून टिबुकली निघाली. तिने इकडेतिकडे पाहिले, ढिगावर चढली आणि चोचीने वरचे ओले शेवाळ बाजूला सारू लागली. खाली मळकट पांढरी अंडी होती. जाताना तिनेच ती झाकून ठेवली होती. ती त्यांच्यावर बसली. पाणी उतरले असते तर ते तरंगते घरटे चिखलात टेकले असते, आणि कोल्ह्याला पाय भिजवावे लागले नसते.

मल्लिक डोळे चोळत जवळ आला. त्याने घरटे पाहिले. "मी हात हलवलाच असता," तो हळू म्हणाला.

"मीही," श्रुतसेन म्हणाला. "चल, मला उठव."

राजा रागावला, पण चाल मोडण्याचे धैर्य त्याला झाले नाही. पाहुणे कोरडी कुंडे पाहून गेले. श्रुतसेन काठी टेकत फेरे मारत राहिला. एके दिवशी आईच्या पाठीवर बसलेली पिले पाण्यात उतरून पोहू लागली, तेव्हा त्याने स्वतः हात हलवला. तोवर आभाळ भरून आले होते आणि अरण्याच्या वाटा बंद झाल्या होत्या. तो घरी परतला आणि न्यायासनावर आणखी एक वर्ष बसला.

एवढे सांगून शास्ते, भगवान बुद्ध, सभेकडे वळले. मग म्हणाले, "तो राजा आज या सभेत मागे बसलेला श्रेष्ठी पूर्णक. मल्लिक म्हणजे आपला भिक्षू सुयाम, आणि ती टिबुकली आज संघातली ज्येष्ठ भिक्षुणी, थेरी क्षेमंकरा. थकलेला अमात्य मीच होतो. भिक्षूंनो, विसावा हाताशी आला असताना दुसऱ्यासाठी आणखी थोडे बसून राहणे, ही क्षांती, खरी सहनशीलता होय."