पोटरीभर पाण्यातली पंगत

मिर्तिया नावाच्या ग्रीक बेटावर जेवायचं असेल, तर आधी चपला काढाव्या लागतात. तिथल्या बंदरावरच्या खानावळी टेबलं जमिनीवर मांडतच नाहीत. पोटरीभर पाण्यात मांडतात. खुर्च्या पाण्यात, वाढणारा पाण्यात, आणि पायांशी इवलेइवले मासे गुदगुल्या करून जातात.

वेंगुर्ल्याच्या वत्सलाबाई केळुसकरांना ही गंमत फार आवडली. सुनेबरोबर, वृंदाबरोबर, त्या सकाळपासून बेट पाहत हिंडत होत्या. डोंगरावरच्या पवनचक्क्या झाल्या, चुन्याने रंगवलेलं चर्च झालं. "आपल्या निवतीसारखोच हो समुद्र, पण मेलो निळो कितको!" असं त्यांनी दहा वेळा तरी म्हटलं असेल. आता लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून त्या राणीसारख्या पाण्यात बसल्या होत्या.

खानावळीचा म्हातारा मालक स्तामातिस स्वतः ताट घेऊन आला. कुरकुरीत तळलेली मासळी, वर लिंबू, बाजूला पाव. ताट त्याने वत्सलाबाईंपुढे ठेवलं, त्यातल्याच एका माशाचा तुकडा मोडला आणि सरळ आपल्या तोंडात टाकला.

"शी गो बाई!" वत्सलाबाईंनी ताट पुढे लोटलं. "माझ्या ताटात हात घातल्यान! ह्यां उष्टा मी खावचंय नाय!"

वृंदाचा चेहरा पडला. आमच्याकडे दुसऱ्याचं उष्टं खात नाहीत, असं तिने इंग्रजीत चाचरत सांगितलं. म्हातारा रागावला नाही. त्याने खुर्ची ओढली, पाय पाण्यात सोडले आणि सांगायला लागला. वृंदा मराठीत सांगत गेली.

फार जुनी गोष्ट. बेटावरच्या बारा खलाशांचं जहाज साथीचा रोग घेऊन परत आलं, म्हणे. गावच्या वडीलधाऱ्यांनी चर्चच्या उंबऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली, की चाळीस दिवस जहाजावरचं कुणी जमिनीवर पाय ठेवणार नाही. जो त्यांच्यात मिसळेल, तोही त्यांच्यातलाच. त्यांनी तरी काय करावं? घरोघरी लेकरंबाळं होती. जेवण मात्र रोज पाठवायचे. उथळ पाण्यात एक खडक होता, त्यावर टोपल्या ठेवून लोक मागे पळायचे.

पण खलाशी त्या अन्नाला शिवेनात. आधीच्या एका बंदरात साथीच्या भीतीने त्यांना विष घातलेला पाव दिला होता, आणि त्यांचा तेरावा सोबती तडफडून गेला होता. आता आपलं गावही तेच करणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. लाटांनी पाव भिजून फुगायचे आणि मासे ते खायचे. अन्न समोर, आणि माणसं उपाशी मरायला टेकलेली!

त्यांच्यात लेफ्तेरिस होता. त्याची बायको आर्गिरो काठावरून रोज ओरडायची, "अरे, मी मळलाय तो पाव! खा!" तो तिकडून म्हणायचा, "मळलास तू, पण टोपली आणली कुणाच्या हातांनी?"

पाचव्या दिवशी आर्गिरोने पाळण्यातली लेक सासूच्या हातात दिली. घरातलं टेबल डोक्यावर, ताटं-जेवणाची टोपली कमरेवर घेतली आणि भर दुपारी सगळ्या गावादेखत पाण्यात शिरली. काठावरून लोक ओरडले, की आता तुला परत येता यायचं नाही. तिने मागे पाहिलं नाही, म्हणे. पाहिलं असतं, तर लेकीसाठी परतली असती.

तिने बारा ताटं मांडली. खलाशी पाणी तुडवत आले, पण दूरच उभे राहिले. मग तिने एकेका ताटातला एकेक घास खाल्ला. बाराही ताटांतला. लेफ्तेरिस रडतरडत बसला आणि जेवला. मग सगळेच जेवले, आणि आर्गिरो त्यांच्याबरोबर जहाजावरच राहिली.

बाराजण वाचले, असं सांगतात. चाळीस दिवस भरले, तसा काठावर घंटानाद झाला. या, या, म्हणून हाका आल्या. पण आर्गिरो पाण्यातून हलेना. लेक काठावर हात पसरून रडत होती, तरी हलेना. म्हणाली, "आम्हाला जमिनीवर तुम्ही येऊ दिलं नाहीत. आता तुम्ही पाण्यात या. आमच्या ताटातला घास खा, मग आम्ही घरी येतो."

मग ज्याने पहिली शपथ घेतली होती, त्या सर्वांत म्हाताऱ्याने पायातले जोडे काढले आणि तो पाण्यात उतरला. त्याच्यामागून घराघरातली टेबलं निघाली. त्या दिवशी सगळं मिर्तिया पाण्यात जेवलं. लेक तर आईच्या मांडीवरच बसून जेवली.

स्तामातिस उठला. आजही मिर्तियात जेवण पाण्यातच वाढतात, म्हणाला, आणि पहिला घास वाढणारा खातो. ज्याने तुझ्याआधी खाल्लं, त्याच्यावर विश्वास ठेव, एवढंच त्यात आहे. बाईंना नसेल चालत, तर दुसरं ताट आणतो. त्याने हात पुढे केला.

वत्सलाबाईंनी ताट दोन्ही हातांनी धरून ठेवलं. "ऱ्हवांदे," त्या म्हणाल्या. डोळे पदराला पुसले आणि मोडलेल्या माशालाच पहिला हात घातला. बघताबघता ताट साफ केलं.

मग पिशवीतून त्यांनी खटखटे लाडवांचा डबा काढला. थेट जत्रेतून आणलेले, दगडासारखे. एक लाडू कडकन अर्धा चावला, आणि उरलेला अर्धा स्तामातिसपुढे धरला.

"घेवा, बाबानू. दात आसत मां? विष नाय हां त्यात!"

वृंदा हे इंग्रजीत सांगायला गेली, पण म्हाताऱ्याने लाडू कधीच तोंडात टाकला होता.