बाळराजांची भेट

वाळवंटातल्या सोनथळ नगरीचा राजा उदयभान दरसाल एक नवी पेठ वसवी आणि मिशीला पीळ देई. दिवाण जैतसी मात्र काळजीत पडे. साऱ्या नगराची तहान एका विहिरीवर होती, आणि तिचं पाणी खाली खाली चाललं होतं. पण बोलणार कोण? पाण्याचं रडगाणं गाईल त्याला वेशीबाहेर काढायचं, असा राजाचा हुकूमच होता.

अशात राजाला नातू झाला. बारशाची दवंडी पिटली: ‘बाळराजांबरोबर वाढत जाईल अशीच भेट आणा.’ कुणी वासरू आणलं, कुणी शिंगरू. जैतसीनं पाळण्यापुढे विहिरीचा जाडजूड दोर ठेवला.

राजा कडाडला, “दिवाणजी, दोर कधी वाढतो का?”

“वाढतो, महाराज. या गाठी पाहा. आपण पेठ वसवली की पोहरा पाण्याला टेकेना, म्हणून दरवेळी आम्ही नवा तुकडा जोडला. बाळराजे गादीवर बसतील तोवर हा खूप लांब झालेला असेल. त्याच्या टोकाला पाणी असेल का, ते मात्र मला सांगता येत नाही.”

पाळण्याची दोरी ओढणारा राजाचा हात थांबला.

दुसऱ्याच दिवशी नवा हुकूम सुटला: आधी पावसाचं पाणी साठवायला टाकं, मगच घर.

पुढच्या उन्हाळ्यात जैतसीनं स्वतः पोहरा विहिरीत सोडला. खालून पाण्याचा आवाज आला. नवी गाठ न मारता दोर होता तेवढाच पुरला होता.