येसबाची चिलीम

घाटात डांबर पडायच्या फार फार आधीची गोष्ट. सावरखिंडीच्या माथ्यावर येसबा नावाचा धनगर शेळ्या राखायचा. शेळ्या चरायच्या आणि हा लाकडाच्या चिलमी कोरत बसायचा. विकायला नव्हे, निव्वळ हौस. खैराचा तुकडा घ्यायचा, चाकूने तासायचा, तापल्या सळईने आरपार भोक पाडायचा आणि आतून मातीचा लेप द्यायचा. वर कधी मोर काढायचा, कधी शेळीचं तोंड. मोर बरा जमायचा, शेळी मात्र कुत्र्यासारखी दिसायची, असं म्हणतात.

त्याचा एक हट्ट होता. नव्या चिलमीचा पहिला झुरका दुसऱ्याने घ्यायचा. वाटेवर जो पहिला भेटेल त्याने. तोवर ते नुसतं लाकूड, असं तो म्हणायचा.

एकदा पहिला भेटला तो नेमका गावाने वाळीत टाकलेला लोहार. येसबाने त्याला चिलीम दिली आणि त्याच्यामागून स्वतःही ओढली. गावाला कळलं. राघोजी पाटलांनी त्याला चावडीवर बोलावलं.

"ती चिलीम जाळ आन् नाक घास. सोडतो तुला."

"जाळायचो नाय, पाटील. तिचं काय चुकलं?"

झालं. येसबाही वाळीत पडला.

वर्षं गेली. त्याच्यापाशी कुणी बसेना, त्याच्या हातचं कुणी घेईना. कोरणं काही थांबलं नाही. झोपडीच्या आढ्याला चिलमी टांगलेल्या, पण एकीलाही धूर माहीत नव्हता. हे माणसाला फार लागतं. येसबालाही लागलं. तो शेळ्यांशीच भांडायला लागला, असं म्हणतात.

मग एका श्रावणात भरदुपारी खिंडीत असं धुकं उतरलं की स्वतःचा हात दिसेना. त्यात पाटील सापडले. घोडं केव्हाच सुटून गेलेलं, दात वाजताहेत, एका अंगाला कडा. तेवढ्यात समोर निखारा दिसला. येसबा उभा होता. त्याने निखारा ठेवलेली नवी चिलीम पुढे केली.

घ्यावी तर आपलाच कायदा आपल्यावर. तरी पाटलांनी घेतली आणि जीव खाऊन ओढली. तो धूर वर गेलाच नाही, असं म्हणतात. दोरीसारखा वाटेवर उलगडत तो खाली उतरला आणि त्याच्यामागून दोघं गावात आले.

पाटील तडक चावडीवर गेले. "म्या येसबाची चिलीम वढली. टाका मला वाळीत."

कोण टाकणार? येसबा सुटला, लोहारही सुटला. आढ्याच्या चिलमी सगळ्या गावाने मिळून ओढल्या आणि दोन दिवस गाव खोकत होतं.

आता तिथं तंबाखू फारसं कुणी ओढत नाही. पण कुणाला घराने, भावकीने तोडलं की ते माणूस खिंडीत जाऊन बसतं. तिथल्या दगडावर लाकडाची एक चिलीम असते, ती हातात धरतं. मग पाटलांच्या घरातल्या कुणालातरी वर जावंच लागतं. सध्या ते काम थोरल्या सुनेकडे आहे. ती धापा टाकत चढ चढते, त्याच्या हातातली रिकामी चिलीम घेऊन ओठांना लावते आणि म्हणते, "उठा आता. भाकरी निवायला लागली."