पाळण्याचा दोर

थंडीचे दिवस असूनही त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. वारा पडला होता, झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. दोरासाठी डोहात कुजत घातलेल्या अंबाडीचा वास गावभर कोंदला होता. अशा हवेत माणसाच्या मनातही नको नको ते येतं, बरं का.

त्या गावात एक दोर वळणारा राहायचा. बायको केव्हाच देवाघरी गेलेली. घरात तो आणि त्याची लेक तानी, दोघंच.

गावाची एक रीत होती. लेकरू झालं की बापानं स्वतः दोर वळायचा, पंचांसमोर त्या दोरानं पाळणा टांगायचा आणि म्हणायचं, "हे लेकरू माझं." की झालं ते त्याचं. यानंही तसंच केलं होतं.

पण बाजारात कुणीतरी सहज बोलून गेलं, "तुझी तानी डावखुरी कशी रे? तुमच्या घराण्यात तर कुणीच नाही."

एवढंच. पण शंका ही वाळवीसारखी, बाहेरून दिसत नाही. तो पोरीचं नाक न्याहाळू लागला, कान न्याहाळू लागला. ती हसली की याला वाटे, हे हसू कुणाचं? ती भाकरी वाढायची, हा तिच्या हाताकडे बघत बसायचा.

"बाबा, मीठ कमी झालं का?"

"काही नाही. जेव तू."

शेवटी त्या कोंदट सकाळी तो चावडीवर गेला. "पाटील, मला माझा शब्द परत घ्यायचाय. तानी माझी नाही."

"तेव्हा तुला कुणी फसवलं होतं?"

"तसं नाही म्हणता येत."

"कुणी दमदाटी केली होती?"

"नाही."

"मग आता काय झालं?"

"ती डावखुरी आहे."

पाटील हसले नाहीत. म्हणाले, "इतकी वर्षं ती कोणत्या हातानं जेवली, ते आज दिसलं होय? बरं. पाळण्याचा दोर आण. तिच्यादेखत, आपल्या हातानं उकल. शेवटचा पीळ सुटला की तुझं नाव सुटलं. मग तुझ्या घरात तिला जागा नाही. बघ बाबा."

त्यानं घरी येऊन खुंटीवरचा दोर काढला. "चल गं." तानीनं कुठे म्हणून विचारलंसुद्धा नाही, निघाली.

वाट डोहावरून जायची. बघतो तर पाणी चढत होतं. वर कुठंतरी पाऊस झाला असणार. दगडाखाली दाबलेली आपली सगळी अंबाडी आता वाहून जाणार! कमरेला हातातला पाळण्याचाच दोर बांधून उतरायला हवं, आणि दोराचं दुसरं टोक कुणीतरी धरायला हवं.

काठावर माणसं जमली होती. कुंभार म्हणाला, "आण, मी धरतो." याच्या मनात आलं, हा मागं माझ्याशी भांडलाय. तेली पुढं झाला. याला वाटलं, हा तंबाखू मळायला हात सोडेल. शेजारची गजरामावशी म्हणाली, "मी आहे की." पण हिचं सगळं ध्यान बोलण्यात!

आणि त्यानं एक टोक कमरेला बांधलं, दुसरं तानीच्या हातात दिलं नि पाण्यात उतरला.

तानीनं दोराचा एक वेढा करंजाच्या बुंध्याला दिला, एक आपल्या डाव्या मनगटाला, आणि पाय रोवले. दोन भारे बाहेर आले. तिसऱ्याला त्याचा पाय निसटला आणि तो दिसेनासा झाला. दोर ताठला. पोर वाकली, पण हात सुटला नाही. "मावशी, धावा!" ती ओरडली. मग सगळ्यांनी मिळून ओढलं त्याला.

तो काठावर खोकत बसला. शेजारी तानी आपल्या मनगटावर फुंकर घालत होती. कातडी सोलून निघाली होती. तो तिच्या हाताकडे बघत राहिला. पण आज ते बघणं वेगळं होतं.

तात्पर्य: ते मी कशाला सांगू? गजरामावशीच्या कानावर चावडीतली गोष्ट आली होतीच. तिनं ओला दोर त्याच्या पुढ्यात टाकला आणि म्हणाली, "जा, उकल आता. पण एक सांग रे, जीव तिच्या हातात देताना ती कुणाची हे तुला विचारावंसं वाटलं नाही, मग नुसतं नाव देताना कशाला विचारतोस?"