लहरी लाकूड

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आता त्याच्या वंशजांनाही सांगता यायचं नाही. त्या राज्यातल्या एका गावात वाद्यं घडवणारा एक कारागीर राहत होता. हाताला गुण होता, पण जिवाला स्वस्थता नव्हती. जेवताना त्याचं लक्ष कामात असे आणि कामात असताना उद्याच्या कामात.

त्याचा बापही वाद्यंच घडवायचा. तरुणपणी तो एकदा बंदरावर गेला होता. तिथे एका परदेशी खलाशानं सहा तारांचं, कमरेत बारीक असं एक वाद्य वाजवलं. आज तुम्ही त्याला गिटार म्हणता. बापाला नाव विचारायचंही भान राहिलं नाही. घरी येऊन त्यानं शिसवीची एक फळी माळ्यावर टाकली. पाण्यावर वारा फिरावा तशा लाटा तिच्या अंगभर होत्या. तसली दुसरी फळी साऱ्या मुलखात नव्हती. "ही वाळून मुरली, की तसंच वाद्य करायचं," तो म्हणाला. फळी चाळीस वर्षं मुरली.

आणि ती मुरेपर्यंत म्हाताऱ्याचे कान जायला लागले.

"येत्या पौर्णिमेपर्यंत ऐकू येईल," वैद्य म्हणाला. "पुढचं माझ्या हातात नाही."

पौर्णिमेला एकवीस दिवस होते. वाद्याचं पोट, पाठ आणि मान तयार होती. उरल्या होत्या फक्त कुशी, म्हणजे बाजूच्या दोन लांब पट्ट्या. त्या माळ्यावरच्या शिसवी फळीतून काढायच्या, तासून पातळ करायच्या आणि तापवून वाकवायच्या.

म्हाताऱ्यानं बोटांवर हिशेब केला. "तासायला चार दिवस. वाकवायला सहा, रोज एकच वाक. जोडून सरस वाळायला सहा. सोळा दिवसांत होतंय. घाई करू नकोस रे, लाकूड लहरी आहे."

"दिसतंय की, आबा! अंगभर लहरी आहेत," कारागीर म्हणाला आणि हत्यारं घ्यायला उठलासुद्धा.

त्याला काही केल्या चैन पडेना. वैद्याचा अंदाज चुकला तर? कान उद्याच बंद झाले तर? रोज सकाळी तो बापाच्या पाठीमागे जाऊन मुद्दाम एक झाकण पाडे. म्हातारा दचकून वळला, की याचा जीव भांड्यात पडे.

"अहो, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" बायको म्हणाली. "मामंजी सोळा दिवस म्हणाले ना? मग ते काम बघा. झाकणं कसली आपटताय?"

पण ऐकतो कोण? लाटांच्या लाकडावर रंधा दामटला, की कपच्या उपसून येतात. म्हणून ते पोलादी पात्यानं जरा जरा खरवडावं लागतं आणि पट्टी तुरीच्या डाळीइतकी जाड राखावी लागते. यानं रंधाच दामटला. उपसलेले खड्डे घालवायला आणखी तासलं. पट्ट्या डाळीच्या निम्म्यावर आल्या. बरंच झालं, त्याला वाटलं, पातळ आहेत म्हणजे लवकर वाकतील.

मग त्यानं तांब्याच्या नळीत निखारे भरले. ओली पट्टी तापल्या नळीवर टेकवायची आणि तळव्यानं हलकेच दाबत राहायचं. लाकूड आतून मऊ झालं, की ते आपणहून हाताला कळतं. तेवढा वाक साच्यात बांधायचा आणि उद्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही. यानं दोन्ही पट्ट्यांचे सगळे वाक एका दुपारीत काढले. शेवटच्या, कमरेच्या वाकाला तळव्याखाली आवाज आला, टच्च!

आतल्या बाजूला, लाटेच्या अगदी खळग्यात, केसाएवढी चीर पडली होती. त्यानं चपापून दाराकडे पाहिलं. उंबऱ्यापाशी उन्हात बसलेल्या बापाला काही ऐकू आलं नव्हतं. बरं झालं ऐकू येत नाही ते, असं त्याच्या मनात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. तरी त्यानं सरसात भुसा कालवून चीर बुजवली.

नवव्या दिवशी वाद्य उभं राहिलं. म्हातारा अंघोळ करून, धुतलेलं पागोटं बांधून समोर येऊन बसला. कारागिरानं एकेक तार ओढायला घेतली. पाच चढल्या. सहावी ताणली आणि कडाड! कमरेपाशी कूस उभी फाटली.



"हे मात्र स्वच्छ ऐकू आलं," म्हातारा म्हणाला. मग त्यानं फुटलेल्या जागी बोट फिरवलं. "अरे, लहरी म्हटलं ते तुला नक्षीच वाटली होय? लाटेलाटेला याचे धागे चढतात, उतरतात. ते कुठे ऐकेल, कुठे रुसेल, सांगता येत नाही. त्याच्या कलानं घ्यावं लागतं."

कारागीर बापाच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला.

पौर्णिमेला अजून बारा दिवस होते. त्यानं साधं, बिनलाटांचं लाकूड घेतलं आणि पुन्हा आरंभ केला. त्यालाही सोळा दिवस लागणार होते. पुन्हा घाई करावी का, हा विचार त्याला रोज छळायचा. पण आता हात धजेना. त्यानं चार दिवस तासलं, सहा दिवस वाकवलं. कान वैद्यानं सांगितल्याप्रमाणे थेट पौर्णिमेपर्यंत टिकले, आणि मग मिटले.

त्यानंतर चौथ्या दिवशी वाद्य पूर्ण झालं. कारागीर बापासमोर बसला आणि वाजवू लागला. आवाज इतका गोड होता, की बायको हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली. म्हातारा मुलाच्या बोटांकडे बघत होता, हसत होता, मान डोलवत होता.

"छान वाजतंय रे," तो म्हणाला. "अगदी तसंच."

कारागिराची बोटं थांबली. त्याला पुढे वाजवणं जमेना.

म्हातारा मात्र आणखी कितीतरी वेळ मान डोलवत राहिला.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, ध्यानात ठेवा: ज्याच्यासाठी आपण घाई करतो, घाईचं नुकसान त्याच्याच वाट्याला येतं.